सहावा घट

दुर्गदबैल हे नाव प्रथमच ऐकणारा पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा हटकून विचारतो, “हा कोणता बैल?” मग त्याला सांगावे लागते की, कानडीत ‘बयलु’ म्हणजे मोकळे मैदान आणि ‘दुर्गद’ म्हणजे किल्ल्याचे, तेव्हा दुर्गदबैल म्हणजे किल्ल्यापुढचे मैदान. एवढे समजावून त्याला प्रत्यक्ष तेथे नेले म्हणजे त्याचा गोंधळ दुप्पट होतो. कारण तेथे आज ना किल्ला दिसत, ना मैदान. दिसतात त्या कापडाच्या, भांड्यांच्या, बांगड्यांच्या दुकानांच्या रांगा, भाजीच्या पाट्या, आणि दिवेलागणीनंतर गिरमिट व मिरची-भज्यांच्या गाड्यांभोवती जमलेली हुबळीकरांची दाटी. मैदान उरले आहे ते केवळ नावात.

ह्या बाजाराच्या पाठीमागच्या एका बोळात गेली तेवीस वर्षे माझे बिऱ्हाड आहे. तेवढीच वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवीत आहे. आज जी हकीकत सांगावयास बसलो आहे ती ह्याच बोळात, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घडली. हकीकत एका विजेच्या सायकलीच्या बॅटरीची आहे. पण ती सांगताना माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे, आणि मास्तरांच्या चुका वार्षिकात छापून येण्याचा प्रसंग विरळाच असल्यामुळे विद्यार्थिमित्र ती आवडीने वाचतील अशी मला आशा आहे.

आमच्या दारासमोर एक मराठी कुटुंब राहते. घरातल्या वहिनी पहाटे चारला उठून ज्वारीच्या भाकरी थापतात. आमच्या भागात त्यांना ‘रोट्टी’ म्हणतात; पातळ, कडक, आणि शेंगांच्या चटणीबरोबर खाल्ली असता पक्वान्न विसरायला लावणारी. विद्यानगरातल्या वसतिगृहांतली मुले, उणकल आणि नवनगर येथली नोकरदार मंडळी ही त्यांची गिऱ्हाइके. भाकरी पोहोचविण्याचे काम त्यांचा मुलगा करतो. तो आमच्याच शाळेचा विद्यार्थी. वडील गेल्यावर दहावीनंतर त्याने शिक्षण थांबविले आणि दोन वर्षांपूर्वी वहिनींनी बचत गटातून कर्ज काढून त्याला विजेची सायकल घेऊन दिली. त्या दिवशी बोळात सायकलीला हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि हे सर्व आटोपल्यावर मुलगा माझ्याकडे येऊन अदबीने म्हणाला, “सर, बॅटरीची काळजी कशी घ्यायची तेवढं सांगा.”

विचारणाऱ्याला सांगितल्यावाचून राहणे शिक्षकाला जमत नाही. मी कोठेतरी वाचले होते, आणि ते खरेही आहे, की लिथियम-आयन जातीचा सेल काठोकाठ भरून ठेवला तर लवकर म्हातारा होतो. चार-पंचमांश भरला तर अधिक वर्षे टिकतो. त्याच्या सायकलीच्या दांड्यावर व्होल्ट दाखविणारे एक लहानसे मीटर होते. बॅटरी पूर्ण भरली की ते ४२ दाखवी. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्याला मंत्र दिला: “मीटरवर ४० दिसले की चार्जर काढायचा. हिरव्या दिव्याची वाट बघायची नाही.” त्याने तो मंत्र दोन वर्षे पाळला. एक दिवसही चुकला नाही. चांगल्या विद्यार्थ्याचा हाच एक दोष असतो की, तो ऐकतो.

दिवाळीच्या सुमारास तो एके सकाळी उतरलेल्या चेहऱ्याने माझ्या ओसरीवर आला. “सर, गाडी मधेच मरतीय बघा. मीटर छत्तीस दाखवतंय, आणि चाक फिरायला तयार नाही. पाच मिनिटं थांबलं की परत चालू होतीय, जरा चढ लागला की परत बंद.” पूर्वी विद्यानगर, उणकल, नवनगर असा बावीस-तेवीस किलोमीटरांचा फेरा करून तो घरी येई. उन्हाळ्यापासून हा पल्ला घटत चालला होता. आता बाराव्या किलोमीटरला, म्हणजे नवनगराहून परत वळता-वळताच, गाडी राम म्हणे. मग भाकरीचे रिकामे डबे लादलेली ती जड सायकल पायांनी रेटीत तो दुर्गदबैलापर्यंत येई. वसतिगृहाची एक खोली उशिराला कंटाळून दुसरीकडे गेली होती. बचत गटाचे हप्ते अजून सात राहिले होते.

मी माझे मल्टिमीटर काढले. शाळेच्या प्रयोगशाळेत ते माझ्याच हातून चालते, त्यामुळे बोळात त्याला थोडी प्रतिष्ठा आहे. बॅटरीच्या दोन टोकांना दोन सुया लावल्या. आकडा आला ३६.२. बॅटरीच्या अंगावर छापलेला आकडाही ३६. मी म्हणालो, “बॅटरी ठणठणीत आहे. दोष कंट्रोलरचा असणार.” कंट्रोलर म्हणजे मोटरीला वीज मोजून देणारी लहान पेटी. मुलाने अठराशे रुपये मोजून नवी पेटी आणली आणि बसविली. दुसऱ्या दिवशी बाराव्या किलोमीटरला गाडी पुन्हा बंद पडली.

त्या संध्याकाळी मी मिरची-भजी खायला बाहेर पडलो नाही.

आमच्या बोळाच्या टोकाला एक कारागीर आहे. पूर्वी तो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करी. आता मोबाईल, दिवे आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्याही करतो. मातृभाषा कानडी, मराठी कामापुरते. मुलगा शेवटी त्याच्याकडे गेला आणि मीही, काहीशा ओशाळ्या मनाने, त्याच्या मागोमाग गेलो. मी ३६.२ चा आकडा सांगितला. तो हसला. “एल्ला सरी ऐति,” म्हणजे सगळे ठीक आहे, असे म्हणून त्याने पुढे विचारले, “मग गाडी का थांबते, सर?” ह्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

त्याने हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खणात ठेवले, मूठ चिकटपट्टीने गुंडाळलेला पेचकस घेतला आणि बॅटरीचे लांबट डबडे उघडले. आत अंगठ्याहून जराशा जाड अशा तीस नळकांड्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीचा व्यास १८ मिलिमीटर आणि उंची ६५ मिलिमीटर. म्हणूनच ह्या सेलला जगभर १८६५० असे रुक्ष नाव पडले आहे. तीन-तीन सेल समांतर जोडून एक गट केलेला, आणि असे दहा गट एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, निकेलच्या पट्ट्यांनी डागलेले. एका बाजूला पोस्टकार्डाहून लहान अशी एक हिरवी पट्टी. तिच्यातून अकरा बारीक तारा निघून दहा गटांच्या सांध्यांवर गेलेल्या. कारागीर त्या पट्टीला बीएमएस म्हणतात. मी तिला राखणदार म्हणेन. दहांपैकी एक जरी गट फार रिता झाला तरी हा राखणदार सगळी वीज तोडतो. एक जरी काठाबाहेर भरू लागला तरी चार्जरची वाट बंद करतो. लिथियमचा सेल अति भरला तर पेट घेऊ शकतो आणि अति रिता झाला तर आतून बिघडतो, म्हणून हा पहारा.

कारागिराने त्या अकरा तारांवर एकेक करून सुया टेकविल्या आणि मी कागदावर आकडे उतरवून घेतले. पहिला ३.६८. दुसरा ३.६७. तिसरा ३.६८. चौथा ३.६६. पाचवा ३.६७. मग त्याचा हात थांबला. त्याने सुई पुसून पुन्हा टेकविली. सहावा ३.१२. पुढचे चार पुन्हा ३.६७ आणि ३.६८ ह्यांच्यातलेच. मी बेरीज केली: ३६.१८.

वाचकहो, माझ्या मीटरने खोटे सांगितले नव्हते. मी त्याला विचारलेच चुकीचे होते. नऊ गटांच्या पोटात अजून जवळजवळ अर्धी वीज शिल्लक होती, म्हणून बेरीज गलेलठ्ठ दिसत होती. आणि सहावा मात्र तळाला टेकला होता. चढावर मोटर जोराने ओढू लागली की त्याचा दाब आणखी घसरे, राखणदार वीज तोडी. पाच मिनिटे विसावा मिळाला की तो थोडा सावरे आणि गाडी चालू होई. मुलाने मला पहिल्याच दिवशी सांगितलेले प्रत्येक लक्षण ह्याच एका गोष्टीकडे बोट दाखवीत होते. निरोगी दहा गटांची बॅटरी रिती होत होत ३० व्होल्टांच्या आसपास आली म्हणजे थांबते. ती ३६ वर थांबली ह्यातच सर्व काही आले होते.

घरी येऊन मी आपली टाचणे उघडली. ‘समजा, दहा समान घट एकसर जोडले आहेत.’ तेवीस वर्षे हे वाक्य मी फळ्यावर लिहीत आलो आहे. एका घटाचा दाब गुणिले दहा, की उत्तर तयार. व्होल्टाने १८०० साली जस्ताच्या आणि तांब्याच्या चकत्यांची चळत रचून पहिली बॅटरी केली हेही मी रंगवून सांगतो. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मी परिपाठात भाषणसुद्धा केले होते. पण त्या वाक्यातल्या ‘समान’ ह्या शब्दावर मी एकदाही थांबलो नव्हतो. मुलांनीही कधी विचारले नाही की, सर, समान नसले तर? वर्गाच्या निकालाची सरासरी काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवताना माझी जी समाधानी मुद्रा असते, तीच ३६.२ हा आकडा सांगताना होती, असे मला वाटू लागले. ही उपमा मला फार दूर नेईल, म्हणून तिला येथेच आवरतो.

दुसऱ्या दिवशी मी कारागिराला म्हणालो, “सहावा गट मेला. नवी बॅटरी घ्यावी लागणार.” नव्या बॅटरीची किंमत सायकलीच्या निम्म्याजवळ जाते. मुलगा काही बोलला नाही. खाली बसून तो निकेलच्या पट्टीचा एक कपटा बोटांत फिरवीत राहिला.

त्या वेळी दुकानाच्या पायरीवर आमच्या बोळातले एक वयोवृद्ध काका बसले होते. दक्षिण मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळी हे रेल्वेचे गाव. येथल्या प्रत्येक गल्लीत रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा तरी माणूस असतोच. हे काका रेल्वेच्या डब्यांतल्या दिव्यांच्या बॅटऱ्या सांभाळीत असत. ते म्हणाले, “मास्तर, मेला म्हणायच्या आधी नाडी तरी बघा. आमच्या बॅटरीला बारा कप्पे असायचे. आम्ही प्रत्येक कप्प्यात हायड्रोमीटर घालून घनता वहीत लिहायचो. एखादा मागं पडला की लगेच त्याला भंगारात टाकत नव्हतो. आधी समान करणारा चार्ज द्यायचा. मग बघायचं, टिकतो का.”

शिशाच्या बॅटरीत ही युक्ती सोपी असते. चार्ज थोडा जास्त वेळ चालू ठेवला की, भरलेले कप्पे जादा वीज पाण्याचे बुडबुडे करण्यात घालवितात आणि मागे पडलेला कप्पा तेवढ्या अवधीत भरून इतरांना गाठतो. लिथियमला हे चालत नाही; त्याला काठाबाहेर एक थेंब सोसत नाही. म्हणून तेच काम राखणदार पट्टीकडे दिलेले असते. बॅटरी भरत भरत काठाला आली, की जो गट आधी भरला त्याच्या अंगची थोडी वीज ही पट्टी एका लहान रोधातून उष्णता करून टाकते. तेवढ्यात मागचे पुढे येतात. पण ही धार अगदी बारीक असते. काही दशक मिलिअँपिअर इतकीच. आणि मुख्य म्हणजे, ती काठ जवळ आल्यावरच सुटते.

हे वाक्य काकांना समजावून सांगता सांगता माझी जीभ अडखळली. काठ जवळ आल्यावरच! आणि काठ दिसू द्यायचा नाही, असा मंत्र दोन वर्षांपूर्वी कोणी दिला होता?

मी त्या क्षणी काही बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे. अजून एक पळवाट होती: सहावा गट खरोखरच मेलेला निघाला, तर दोष माझ्या सल्ल्याचा नव्हता. माणूस आपली चूक झाकण्यासाठी दुसऱ्याचे नुकसान इच्छू शकतो, हे मला त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर कळले.

कारागिराने काकांचे म्हणणे मानले. नऊ गटांना जास्तीची वीज ओतून टाकायला लावावे तर पट्टीच्या बारीक धारेने दिवसच्या दिवस लागले असते. म्हणून त्याने उलटा मार्ग धरला. एका सेलला भरणारा एक लहान चार्जर घेऊन त्याने तो एकट्या सहाव्या गटाला लावला. धार एक अँपिअरची. आम्ही तिघे त्याच्यासमोर बसून राहिलो. तो दर दहा मिनिटांनी सेलला हात लावून पाही. ऊब वाटली असती तर त्याने लगेच तार काढली असती. ऊब नव्हती. तीन तासांनी ३.१२ चा आकडा ३.६७ वर येऊन नऊ भावंडांच्या पंगतीला बसला.

मग भाराखालची परीक्षा. रिक्षाच्या दिव्याचे बारा व्होल्टांचे तीन बल्ब एकसर जोडून त्याने ते बॅटरीला लावले. दुकान लख्ख उजळले आणि समोरच्या बांगडीवाल्याने मान वर करून पाहिले. बल्ब सुमारे तीन अँपिअर ओढीत असताना दहाही गटांचे आकडे पुन्हा घेतले. प्रत्येक जण सहा-सात शतांश व्होल्टांनी उतरला होता, सहावाही तितकाच. आतून झिजलेला सेल किंवा उखडलेला डाग असता, तर भार पडताच तो इतरांच्या कितीतरी खाली बसला असता. बल्ब काढले, आकडे वर आले.

आता उरली गळतीची परीक्षा, आणि तिला मात्र दिवस लागतात. बॅटरी चार्जरवर लावून हिरव्या दिव्यापर्यंत, आणि त्यानंतरही काही तास, कारागिराच्या नजरेखाली पूर्ण भरू दिली. दहाही गट सारखे झाले. मग ती तशीच टेबलावर ठेवली. गळका सेल एकटाच खाली जाऊ लागतो आणि दोन-चार दिवसांत दशांशांनी मागे पडतो. सात दिवस रोज संध्याकाळी मी वही घेऊन जाई. ह्या सात दिवसांत मुलाने माझी जुनी साधी सायकल घेऊन नवनगरापर्यंत पायडल मारले. रात्री त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळताना वहिनींचा आवाज मला खिडकीतून ऐकू येई. पहिल्या दिवशी सगळे ४.१७. तिसऱ्या दिवशीही ४.१७. सातव्या दिवशी नऊ गट ४.१६ वर होते, आणि सहाव्याचा शेवटचा आकडा कधी ६, कधी ५ असा लुकलुकत होता.

म्हणजे तो मेलेला नव्हता. इतरांहून केसभर जास्त पाझरणारा होता, इतकेच.

त्या रात्री मी हिशेब मांडला. तीन तास एक अँपिअर दिल्यावर तो इतरांच्या बरोबरीला आला. म्हणजे तो तीन अँपिअर-तासांनी मागे होता. एकूण साठा साडेसात अँपिअर-तासांचा. तेव्हा ही तूट दोन-पंचमांश झाली. दोन वर्षे म्हणजे सुमारे १७,५०० तास. तीनाला साडेसतरा हजारांनी भागले असता येतो तो एका मिलिअँपिअरचा जेमतेम सहावा भाग. एवढा पाझर सेलच्या पोटात असतो, राखणदार पट्टीच्या स्वतःच्या चालण्यातही असतो. कोणत्याही दोन सेलमध्ये तो तंतोतंत सारखा नसतो. आठवड्यातून एकदा बॅटरी काठापर्यंत भरली असती, तर पट्टीने तो फरक तासाभरात बुजवून टाकला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण ४० चा आकडा दिसताच चार्जर निघे. त्या चाळिसात नऊ जण ४.०४ वर असत आणि सहावा ३.६२ वर, बेरीज मात्र चोख चाळीस! दररोज केसभर मागे पडणाऱ्याला गाठ घालून घेण्याची सवडच दोन वर्षांत एकदाही मिळाली नव्हती, आणि ती नाकारणारा मी होतो.

माझा सल्ला खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. एकटा सेल पाहिला तर तो खराच आहे. मी दहा जणांना एक समजून सांगितला, येथे घसरलो.

सकाळी मी वहिनींच्या घरी गेलो. त्या तव्यावरची भाकरी उलटीत होत्या. मुलगा डबे भरीत होता. मी उभ्या-उभ्याच सर्व सांगितले: मीटरवरचा चाळीसचा आकडा, हिरवा दिवा, कंट्रोलरची विनाकारण खरेदी. सांगताना मी विज्ञानातले जड शब्द वापरू लागलो आहे हे माझ्याच लक्षात आले, आणि मी ते सोडून दिले. “माझ्या सांगण्यामुळं झालं, वहिनी,” असे म्हणून अठराशे रुपयांचे पाकीट चुलीजवळच्या फळीवर ठेवले.

वहिनींनी पाकिटाकडे पाहिले नाही. त्या म्हणाल्या, “सर, बॅटरी नवी घ्यायची नाही ना?”

“नाही.”

“मग बसा. चटणी ताजी आहे.”

मुलाने पाकीट उचलून माझ्या पिशवीत घातले. दोन दिवसांनी मी ते पुन्हा पाठविले, आणि ते पुन्हा परत आले. शेवटी कारागिराने मध्यस्थी केली: जुना कंट्रोलर चांगलाच होता, तो परत बसवावा, नवा त्याच्या दुकानात विकायला ठेवावा. पंधरा दिवसांत तो दीडशे रुपये कमी किमतीला विकला गेला, आणि ते दीडशे मात्र वहिनींनी माझ्याकडून घेतले. त्या घेताना त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते पाहून मला बरे वाटले.

ही हकीकत वाचून कोणी विद्यार्थ्याने घरातली बॅटरी उघडावयास घेऊ नये, एवढे येथे बजावून सांगतो. त्या तीस नळकांड्यांत साठलेली वीज चुकून एखाद्या पेचकसाने किंवा बांगडीने जोडली गेली, तर धातू वितळण्याइतकी उष्णता क्षणात होते. फुगलेला, ठेचलेला, किंवा फार दिवस पार रिता पडून राहिलेला सेल पुन्हा भरू पाहणे म्हणजे आगीला आमंत्रण. २०२२ साली देशात विजेच्या दुचाक्यांना आगी लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या होत्या. त्यानंतर अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस १५६ हे कसोट्यांचे नियम कडक होऊन १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याच साली निकामी बॅटऱ्या गोळा करण्यासंबंधीचे नियमही निघाले आहेत. तेव्हा जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. चार्जर जिन्याखाली, दाराच्या वाटेवर किंवा रात्री सर्व जण झोपलेले असताना लावू नये. तुम्हाला करता येण्यासारखे काम निराळे आहे: गाडी किती किलोमीटरला थांबली, थांबताना मीटर काय दाखवीत होते, विसावा दिल्यावर काय झाले, हे वहीत लिहून कारागिराकडे न्यावे. आमच्या मुलाने तोंडी सांगितले होते ते मी नीट ऐकले असते, तर नवा कंट्रोलर आणावा लागला नसता.

आता आमच्या बोळात नवा नियम आहे. सोमवार ते शनिवार ४० वर चार्जर निघतो. रविवारी भाकरीची सुट्टी असते, त्या दिवशी सकाळी बॅटरी दुकानाच्या फरशीवर येते आणि हिरव्या दिव्यानंतरही दोन-तीन तास तशीच ठेवली जाते. अकरा तारांचे एक टोक कारागिराने झाकणाखाली बाहेर आणून ठेवले आहे, त्यामुळे डबडे उघडावे लागत नाही. आकडे काका वाचतात, कारण आता दिसत नाही असे कोणी म्हटलेले त्यांना खपत नाही, मी लिहितो, आणि मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून मी लिहिलेले तपासतो. एकदा मी पाचव्याच्या रकान्यात सहाव्याचा आकडा लिहिला, तो त्यानेच पकडला.

परवाच्या रविवारी नऊ गट ४.१८ आणि सहावा ४.१७ होता. काकांनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला, ४.१७ च. “अजून थोडा वेळ ठेवूया,” मुलगा म्हणाला, आणि आम्ही फरशीवरच बसून राहिलो. तोवर दुर्गदबैलात गाड्यांवरचे तेल तापू लागले होते.